नॉर्मलची बाटली

"आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही," काका म्हणाले. "आजवर कोणाचाच बसलेला नाही. पण एकेकाळी या अख्ख्या गावाच्या किडन्या माझ्या लघवीवर मोजल्या जात होत्या."

दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा असलेला बस ड्रायव्हर थबकला. काकांना तेवढंच हवं होतं. चाळीस वर्षं त्यांनी ही लॅब चालवली. आता आतली मशीनं सून सांभाळते आणि काका बाहेरच्या बाकावर बसून पळणारी गिऱ्हाइकं माघारी आणतात. सुईला घाबरणारे त्यांना सोपे. हा ड्रायव्हर अवघड होता, कारण याला सुई टोचायचीच नव्हती. काउंटरवर त्याच्या नावाची चिठ्ठी डकवलेली रिकामी बाटली होती, तेवढी भरून द्यायची आणि जायचं. तरी गडी काढता पाय घेत होता.

"मला काही होत नाही हो काका," तो म्हणाला. "जळजळ नाही, सूज नाही. साखर आहे आठ वर्षं, ती असते सगळ्यांना. रक्तातला किडनीचा रिपोर्ट एकदम चोख आलाय. मग हे आणखी कशाला?"

"चोख म्हणे," बाकावरून त्याची बायको म्हणाली. "गाडीत जरा कुठे कुरकुर ऐकू आली की अर्धा दिवस गाडीखाली झोपून राहतील. स्वतःचं आलं की कानात बोळे."

"तू गप बस गं."

"बसलेच आहे. तुम्ही बसा."

ड्रायव्हर बसला नाही, पण मूठ सोडली. काकांनी पाय हलवून बाकावर जागा केली आणि दोन्ही मुठी वळून त्याच्यासमोर धरल्या.

"एवढ्याशा दोन. एकेकीत दहा-दहा लाख गाळण्या. चहाची गाळणी डोळ्यांसमोर आण आणि ती बारीक कर, केसाच्या टोकापेक्षा बारीक, अशा दहा लाख. अंगातलं सगळं रक्त त्यांच्यातून दिवसभर फिरतंय, फिरतंय. चोवीस तासांत किती पाणी गाळून निघतं? सांग बरं."

"असेल बादलीभर."

"नऊ बादल्या! तुझ्या बसच्या डिझेलच्या टाकीएवढं. आणि त्यातलं तांब्या-दीड तांब्या तेवढं फेकायचं, बाकी सगळं परत आत. काय ठेवायचं, काय टाकायचं, ते एकेका थेंबाला ठरवायचं. तू झोपलास तरी, घाटात गाडी घातलीस तरी, बायकोशी भांडत असलास तरी."

"म्हणजे सुट्टीच नाही बिचाऱ्यांना," बायको म्हणाली.

"रक्तातलं प्रोटीन, त्याला आम्ही अल्ब्युमिन म्हणतो, ते या गाळण्या धरून ठेवतात. जीव गेला तरी सोडत नाहीत. पण साखरेने एखाद्या गाळणीचा धागा उसवला की कणभर निसटतं. कणभरच. बादलीभर पाण्यात चिमूटभर साखर टाक आणि चाखून बघ. लागेल जिभेला? नाही. पण आतलं ते मशीन सांगतं. रक्ताचा रिपोर्ट मात्र तेव्हा शांत असतो, कारण उरलेल्या गाळण्या दुप्पट राबून सगळं झाकून घेतात. निम्म्या गेल्या तरी हूं की चूं नाही. रक्त बोलायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. लघवी कितीतरी वर्षं आधी सांगते."

हे सांगताना काकांचा आवाज नेहमी खाली यायचा. हजारो बाटल्या हाताळून झाल्या, तरी त्या पिवळ्या पाण्यात माणसाची पुढची दहा वर्षं लिहिलेली असतात या गोष्टीने त्यांच्या अंगावर अजून काटा येत असे. सून काउंटरमागून हसली. सासऱ्यांचा काटा खरा असतो आणि बाकीचं मीठ-मसाला, हे तिला पाठ होतं.

ड्रायव्हर आता बाकाच्या टोकाला टेकला होता. "आणि तुमच्या लघवीचं काय ते?"

"हां! तर हे मशीन नवं आलं तेव्हा ते रोज सकाळी तपासून घ्यावं लागे. एखादी बिनदोष माणसाची बाटली आधी लावायची, आकडा बरोबर आला की मग गावाच्या बाटल्या. त्यासाठीचं कंपनीचं तयार पाणी वेळेवर यायचं नाही. मग बिनदोष माणूस कोण? मी! तीसच्या आत आकडा असला की ठीक, माझा सहा. रोज सहा. फार तर सात. बाटलीवर नाव नाही, नुसतं 'नॉर्मल'. अकरा वर्षं. कंपनीचा साहेब म्हणाला, काका, तुमचीच डब्यात भरून देशोदेशी पाठवू या."

"बाबा," सून म्हणाली, "परवा तुम्ही दोन साहेब सांगितले होते."

"दुसरा बाहेर गाडीत होता." काका पुढे सरकले. "आणि एके दिवशी सकाळी आकडा आला चौतीस."

बायकोने पदर तोंडाशी नेला. ड्रायव्हर पुढे वाकला.

इथून काका नेहमी जरा भरभर सांगत. "मी म्हटलं, मशीन बिघडलं. दुसऱ्या दिवशी सदतीस. त्याला शिव्या घातल्या, काच पुसली, बटणं बंद-चालू केली. एक्केचाळीस! मग सरळ चादर घातली त्याच्यावर आणि गावाच्या बाटल्या मोठ्या दवाखान्यात पाठवायला लागलो. दुरुस्तीवाला यायला तीन महिने लागले. मी रोज सकाळी चादर उचलून माझी बाटली लावायचो आणि मशीनच्या आईबापांचा उद्धार करायचो. शेवटी तो पोरगा आला, त्याने स्वतःची बाटली भरून लावली. आकडा पाच. माझ्याकडे बघून म्हणाला, काका, मशीन ठणठणीत आहे. मी असा उभा! तीन महिने ज्याला खोटारडं म्हणत होतो ते एकटंच खरं बोलत होतं."

"मग हो?" बायकोने विचारलं.

"मग काय, डॉक्टर, गोळ्या, मीठ कमी, माझीही साखर निघाली, ती ताब्यात. तेव्हा कळलं म्हणून गाळण्या वाचल्या. आता वीसच्या आसपास असतो आकडा. विचारा हिला."

"ते खरं आहे," सून म्हणाली.

बायकोने सुस्कारा सोडून नवऱ्याकडे पाहिलं. गोष्ट इथे संपली की माणसं हसतात आणि बाटली घेतात, हा काकांचा अनुभव. पण ड्रायव्हर हसला नाही. तो काकांच्या मागच्या मांडणीकडे बघत होता. तिथे सकाळपासून आलेल्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या.

"काका, एक विचारू? तेव्हाही रोज अशाच बाटल्या यायच्या ना?"

"चाळीस-पन्नास."

"आणि मशीनला एक बाटली लावून बघायला वेळ किती?"

"दहा मिनिटं. तीही नाही."

"तीन महिने रोज चादर उचलत होता. रोज आपलीच बाटली. शेजारी पन्नास दुसऱ्या, त्यातली एकही लावून बघितली नाहीत."

अशा वेळी काकांकडे नेहमी एखादा साहेब, एखादी गंमत तयार असे. आज त्यांनी मागे वळून रांगेतली एक बाटली उगाच सरळ केली.

ड्रायव्हर उठला. काउंटरवरची बाटली त्याने उचलली, चिठ्ठीवरचं आपलं नाव वाचलं, झाकण फिरवून मोकळं केलं. मग मागे वळून, न रागावता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खोटं बोलताय काका. मशीन बिघडलंय असं तुम्हाला एक दिवससुद्धा वाटलं नव्हतं."