गोंदूतात्याचं शेवटचं वाक्य

मळवलीला उतरल्यावर अपूर्वानं आधी फलाट न्याहाळला. किल्ल्यावर निघालेली चार पोरं, दुधाचे रिकामे कॅन घेतलेला एक जण आणि पिशवीतून कोंबडीची मान बाहेर काढून चाललेली एक बाई. ओळखीचं कुणी नव्हतं. तरी ती गाडी सुटेपर्यंत खांबाला टेकून उभी राहिली, आणि फलाट मोकळा झाल्यावर बंगल्याच्या वाटेला लागली. अडीच महिन्यांपासून तिला ही खोड लागली होती. दार लावलं की कडी दोनदा तपासायची, जिना चढताना मागं वळून बघायचं.

ही भीती कशाची, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल, आणि ऐकणाऱ्यानं हसायचं नाही. कारण सगळं सुरू झालं ते एका व्हिडिओ गेममधल्या म्हाताऱ्या नावाड्यावरून.

पुण्यातल्या 'कंदील' नावाच्या छोट्या स्टुडिओनं बारा वर्षांपूर्वी 'नावघाट' हा गेम काढला. आपण त्यातलं एक माणूस व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि आपण काय बोललो त्यावर गोष्ट पुढं सरकायची. सगळं अस्सल मराठीत. नदी ओलांडायची तर गोंदूतात्याच्या नावेत बसायचं, आणि दर खेपेला तात्या काहीतरी सांगायचा. त्याच्या बोलण्यासाठी लोक उगाच नदीच्या या काठावरून त्या काठाला जात. दुसरा भाग आला, तोही गाजला. यंदा ऑगस्टमध्ये तिसरा आला, आणि त्यात तात्या मेला. सकाळी नाव काठाला बांधलेली, आत तात्या आडवा, तोंडातून एक शब्द नाही. झालं, स्टुडिओचा दर्जा ढासळला म्हणून एकच बोंब उठली.

तात्याला मारणारी अपूर्वा होती, आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं ती नावघाटच्या चाहत्यांच्या गटात होती. लांबलचक पोस्टी लिहायची, भांडायची, दरवर्षी मळवलीच्या बंगल्यावर जमायची. अडीच वर्षांपूर्वी कंदीलनं तिला संवाद लिहायला नोकरीवर घेतलं. करारात स्वच्छ लिहिलं होतं, की चाहत्यांच्या गटांत राहायचं नाही आणि कुठला भाग कुणी लिहिला ते बाहेर बोलायचं नाही. गट तेव्हाच सोडायला हवा होता. तिच्यानं सोडवला नाही. नोकरी लागल्याचं लपवलं आणि दर दिवाळीआधी मुकाट्यानं मळवलीला येत राहिली. शहाण्यासारखी बाई, पण इथं मात्र गाढवपणा केला तो केलाच.

तिसरा भाग आल्यावर दहाव्या दिवशी तिला पहिला मेसेज आला. पाठवणाऱ्याचं नाव होतं 'उतारू'. 'नव्या हाताला नमस्कार. तात्याला का मारलंत?' एवढंच. गटाच्या भाषेत नवा हात म्हणजे तिसऱ्या भागाचा लेखक, म्हणजे तीच. मग दर चारपाच दिवसांनी एकेक येऊ लागला. शिवी नाही, धमकी नाही, भाषा अगदी सभ्य. 'आज तुम्ही ऑफिसातून उशिरा निघालात.' 'निळी ओढणी तुम्हाला शोभते.' आणि गेल्या आठवड्यातला: 'तुमच्या जिन्याची तिसरी फरशी हलते. एखाद दिवशी पडाल.' फरशी खरंच हलत होती. तळेगावच्या त्या खोलीत ती जूनमध्ये राहायला आली होती. एकटी. गटातल्या एकानंही ते घर पाहिलेलं नव्हतं. तक्रार करावी तर करार उघडा पडणार आणि नोकरी जाणार. आज इथं यावं, तर तो इथं असणार. न यावं, तर अपूर्वाच का आली नाही म्हणून चर्चा होणार. शेवटी ती आली, आणि वाटभर तिला वाटत राहिलं की आपण आपल्या पायानं पिंजऱ्यात निघालो आहोत.

बंगल्याची देखभाल करणारा हौशीराम फाटकातच उभा होता. मागच्या खाचरात भात पिवळा पडायला लागला होता आणि विसापूरचा किल्ला अगदी अंगावर आल्यासारखा दिसत होता.

"या ताई. समदी आली, तुमचीच वाट बघत्यात," हौशीराम म्हणाला. "सकाळधरनं नुसती भांडनं. म्या म्हनलं कुनाच्या घरचं कोन गेलं, तर म्हनं गेममदला नावाडी."

अपूर्वा कसनुशी हसली.

ओसरीवर सातआठ जण गोल करून बसले होते. गट काढणारा श्रीयश, लोणावळ्यातल्या बँकेत कामाला, आवाज असा की कार्ल्यापर्यंत जावा. त्याच्या शेजारी शार्दूल, ज्यानं तिन्ही भागांतली एकूण एक वाक्यं, अकरा हजारांच्या वर, यादी करून ठेवली होती आणि त्यातली निम्मी त्याला तोंडपाठ होती. चैताली, शाळेत शिकवणारी, अपूर्वाची जुनी मैत्रीण. आणि कडेला खुर्चीत गंगाधरसर, लोणावळ्याचे निवृत्त मुख्याध्यापक, गटातले सगळ्यांत वडील. पत्नी आजारी असताना दोघं मिळून पहिला भाग खेळायचे, ती गेल्यावर सर एकटे खेळत राहिले. त्यांचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतः उठून अपूर्वाला खुर्ची दिली.

"बसा. दमलेल्या दिसता," ते म्हणाले.

ती बसली आणि एकेकाचा चेहरा वाचायला लागली. उतारू कोण? श्रीयश? त्याच्या पोटात काही राहत नाही. शार्दूल? तो हिशेबी, माग काढणारा, वाक्यावाक्याची नोंद ठेवणारा. तिची नजर शार्दूलवर अडकली ती अडकलीच.

या लोकांचा एक रिवाज होता, हात ओळखायचा. कंदील लेखकांची नावं देत नाही. मग एकानं संवाद वाचायचा आणि बाकीच्यांनी तो कुणाच्या हातचा ते सांगायचं. पहिल्या दोन भागांतला तो जुना हात, तिसऱ्यातला तो नवा हात. दहा वर्षांत यांचे कान इतके तयार झाले होते, की हात ओळखताना सहसा चुकत नसत. अपूर्वाला तो खेळ एकेकाळी फार आवडायचा. आज शार्दूल तिचीच वाक्यं वाचत होता.

"हा नवा," श्रीयश म्हणाला. "अरे, लगेच कळतं. कंदीलवाले मोठ्या इमारतीत गेले, बाहेरचा पैसा आला, आणि लिहिणारी माणसं बदलली. पूर्वी हॉटेलवाला पण पाच मिनिटं बोलायचा. आता सगळे घाईत."

"तू तेव्हा कॉलेजात होतास, श्रीयश," चैताली म्हणाली. "तुला तेव्हा वेळ होता. मला तिसराच आवडला. गाव रिकामं होत चाललंय, म्हणून माणसं कमी बोलतात. ते मुद्दाम आहे."

"मुद्दाम कसलं, आळस आहे," शार्दूल म्हणाला. "आकडे बघ. तात्याला पहिल्या भागात तीनशे चाळीस वाक्यं. तिसऱ्यात एकतीस. आणि मरताना शून्य. शून्य. ज्यानं हे लिहिलं त्याला तात्याबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. जड झाला, ढकलून दिला."

अपूर्वाचे कान तापले. तात्याच्या मरणाचा प्रसंग तिनं एकोणीस वेळा लिहिला होता. लिहिताना ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडली होती. भीती होती, ती होतीच, पण त्या क्षणी राग तिच्याही वर चढला.

"शून्य कसं?" ती म्हणाली. "आडवा होताना म्हणतो ना तो, माझी नाव बांधू नका, तिला सवय नाही. आणि सकाळी लोकांनी ती बांधलेली असते. तेच तर आहे सगळं."

शार्दूलनं हातातला कागद खाली ठेवला.

"हे वाक्य गेममध्ये नाही," तो म्हणाला.

तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. ते वाक्य गेम बाहेर पडायच्या आठवडाभर आधी वगळलं होतं. ते ठाऊक असलेली माणसं कंदीलच्या चार भिंतींच्या आत होती. हजार ठिकाणी हजार खोटं बोलून तिनं जे लपवलं, ते एका वाक्याच्या मायेपोटी स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं. ओसरीवर चाहते नसते, साधी माणसं असती, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"अपूर्वा," श्रीयश हळू म्हणाला, "नवा हात तू आहेस?"

तिनं होकाराची मान हलवली. आता काय होईल या भीतीनं तिला समोरचं धड दिसत नव्हतं. शार्दूल उठला, तशी ती खुर्चीत मागं सरकली. तो तिच्यासमोर येऊन बसला.

"ते वाक्य का काढलं?" त्यानं विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते. "ते असतं तर मी एक अक्षर बोललो नसतो."

"तात्याला आवाज देणारे काका आजारी पडले," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या आवाजात ते ऐकवेना. मीच काढा म्हटलं."

मग एकदम सगळे बोलायला लागले. चैतालीनं तिला मिठी मारली आणि लपवल्याबद्दल पाठीत एक धपाटाही घातला. श्रीयशनं शपथ घेऊन सांगितलं की ही गोष्ट या ओसरीबाहेर जाणार नाही. अपूर्वाला हुंदका आवरेना. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. आणि तेवढ्या धिटाईनं तिनं राहिलेलंही सांगितलं.

"कुणीतरी माझ्या पाळतीवर आहे. मेसेज येतात. मला फार भीती वाटते. तुमच्यापैकी कुणी असेल तर एवढंच सांगते, थांबवा." काय मेसेज, कुठले, ते तिला सांगवलं नाही.

सगळ्यांची तोंडं उतरली. शार्दूलनं आपला फोन तिच्यापुढं धरला, बघ म्हणाला. तो घ्यायची तिला लाज वाटली.

"असा माणूस आपल्यात असेल तर त्याला आधी बाहेर काढा," गंगाधरसर म्हणाले. "हे खेळावरचं प्रेम नव्हे." त्यांचा आवाज कापत होता, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला आपल्यामुळं त्रास झाला म्हणून अपूर्वाला वाईट वाटलं.

पिठलं-भाकरी झाली, पुन्हा वाद झाला, हसणंही झालं. चार वाजता हौशीरामनं स्टेशनवर सोडायला रिक्षा बोलावली. ओसरीवरून अंगणात उतरायला पाच दगडी पायऱ्या होत्या, धुऊन अजून ओल्या. अपूर्वा उतरायला लागली, तसा गंगाधरसरांनी तिचा कोपर धरला.

"सावकाश. या पायऱ्या पक्क्या आहेत म्हणा, तुमच्या जिन्यासारख्या नाहीत. तिथली ती तिसरी फरशी बसवून घ्या बाई, मला रोज काळजी वाटते."

ती दुसऱ्या पायरीवर थांबली. कोपरावरची पकड मायेची होती. मागं ओसरीवर चपला घालणारी माणसं होती, पुढं रिक्षा होती. गप्प बसून रिक्षात बसावं, असं तिच्या अंगातलं सगळं भेदरलेपण सांगत होतं. पण गप्प बसून रिक्षात बसलं की पुढं तळेगाव होतं, आणि तो जिना.

"सर," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "माझ्या जिन्याची फरशी तुम्ही कधी पाहिलीत?"

शार्दूलनं मान वर केली. सकाळी ते वगळलेलं वाक्य ऐकून त्यानं तिच्याकडं पाहिलं होतं, अगदी तसंच तो आता सरांकडं पाहू लागला.

"तुम्ही बोललात ना मघाशी," सर म्हणाले.

"नाही बोलली," शार्दूल म्हणाला. "एकदाही नाही."

चैताली पायऱ्या उतरून खाली आली. "सर, तुम्ही राहता लोणावळ्याला. तळेगावात तुमचं काय काम?"

गंगाधरसरांनी कोपर सोडला नाही. त्यांना बहुधा तो धरलेला आहे याचंच भान नव्हतं.

"तुमच्या पोस्टी दहा वर्षं वाचल्यात मी," ते अपूर्वाला म्हणाले, वर्गात समजावून सांगावं तसं. "पहिल्या दिवशीच हात ओळखला. फक्त विचारायचं होतं. ऑफिसपासून तुमच्या मागोमाग नऊ वेळा आलो. बेल वाजवायला धीर होत नव्हता. मग जिन्यातच बसायचो, तुम्ही दिवा मालवेपर्यंत."

अपूर्वाला आठवलं, कडी दोनदा तपासून ती रोज निवांत दिवा मालवायची.

श्रीयशनं येऊन सरांची बोटं एकेक करून सोडवली. फाटकातून हौशीराम घाई करत आला.

"चला ताई, गाडीचा टाइम झाला," तो म्हणाला. "मास्तरबी तुमच्याबरूबरच येत्यात न्हवं तळेगावला? सकाळीच म्हनले मला, ताईला घरापत्तोर सोडतो म्हनून. मंग काय भ्याव न्हाई."