‘पोटात गोळा’ विकणे नाही

मी ‘पोटात गोळा’ बोलतोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, माझ्या नावावर हसतच सगळे आत आले आहेत. आकाशपाळणा वरून खाली यायला लागला की पोटात जे होतं, तेच माझं नाव. मी इंटरनेटवरचा एक कट्टा आहे. पाळणे, चक्री, जहाजं, पाण्याच्या घसरगुंड्या, मग त्या जत्रेतल्या असोत की मोठ्या पार्कातल्या, यांच्यापायी वेडी झालेली माणसं कित्येक वर्षं माझ्याकडे येऊन लिहितात. आज दुपारी मला बंद करणार आहेत. मी रडायला आलेलो नाही. कोण बंद करतंय आणि का, एवढं स्वतःच्या तोंडानं सांगून जायचंय, कारण मागाहून लोक काहीही उठवतात.

माझा जन्म जळगावातल्या एका सायबर कॅफेत झाला. पहूरचा ललित तेव्हा कॉलेजात होता. घरी केळीची बाग, डोक्यात मात्र पाळणे. कॉलेजची सहल एका मोठ्या पार्कात गेली होती आणि परत येताना बसमध्ये जो तो आपली मर्दुमकी सांगत होता. जे खाली उभे राहून पर्सा सांभाळत होते तेसुद्धा सांगत होते! ललितचं डोकं फिरलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी कॅफेत बसून मला उभं केलं. निळ्या पानावर पिवळी अक्षरं, डोळे दुखतील अशी. आणि सगळ्यात वर एकच नियम: बसल्याशिवाय लिहायचं नाही.

या नियमानं मला मोठं केलं. ऐकीव गप्पा माझ्याकडे चालत नसत. कुठला पाळणा वर गेल्यावर करकरतो, कुठल्या चक्रीवर जेवून बसू नये, कुठल्या घसरगुंडीवर पाठ सोलते, ते बसलेलाच सांगायचा. पिंपळनेरचा कुंदन ‘उलटीबहाद्दर’ या नावानं लिहायचा. प्रत्येक चक्रीवरून उतरला की ओकायचा आणि पुन्हा रांगेत उभा राहायचा. त्याचं लेखन वाचून लोक हसून हसून बेजार व्हायचे, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचे.

मग आली मिसबाह. धुळ्याची, कापड दुकानदाराची मुलगी, शाळेत होती. तिला कुणी पाळण्यात बसू देत नव्हतं, म्हणून नियमानं तिला लिहिता येत नव्हतं. पण विचारायला बंदी कुठे होती? ती विचारत सुटली. “खाली येताना डोळे आपोआप मिटतात की मिटावे लागतात?” एवढ्या वर्षांत असा प्रश्न कुणाला सुचला नव्हता, आणि दोन दिवस सगळे त्यावरच भांडत होते. पुढे एकविरा देवीच्या यात्रेत मैत्रिणींबरोबर ती एकदाची बसली आणि घरी जाऊन तिनं उत्तर लिहिलं: “मिटतात आपोआप. उघडे ठेवावे लागतात. मी ठेवले.”

तेव्हाच मी ओळखलं की ही पोरगी माझी आहे. ललितच्या मागे बागायती लागली, केळीच्या गाड्या लागल्या, आणि माझी किल्ली मिसबाहच्या हातात आली. आता ती धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. घरी आली की आधी मला उघडते, मग चहा टाकते. भांडणारांना समज द्यायची, जाहिरातवाले हाकलायचे, कुणाची आई आजारी असेल तर चौकशी करायची, सगळं ती करायची. माणसं हळूहळू व्हॉट्सॲपवर गेली, रीलवर गेली. मी म्हातारा झालो. ज्या जुन्या यंत्रणेवर मी चालतो ती चालवणाऱ्यांनी कळवलं, आता नवीन जागा बघा. नवीन जागेचा खर्च मिसबाहच्या आवाक्याबाहेरचा होता. तरी ती मला धरून होती. मी जगावं एवढंच तिला हवं होतं, हे लक्षात ठेवा. कारण पुढे तिनं जे केलं ते सोपं नव्हतं.

हायवेवर नवं पार्क उघडलं. नाव घेत नाही, फुकटची जाहिरात मी जन्मात कुणाची केली नाही. तिथे एक भलंमोठं जहाज आहे, दोन्ही बाजूंना झुलणारं. बसणाऱ्यांच्या मांडीवर लोखंडी दांडा येतो, तो धरून ठेवतो. जळगावच्या सकीनाबाजी, माझ्याकडे सगळ्यांची थोरली बहीण, मुलांना घेऊन तिथे गेल्या. मुलं वर, बाजी खाली, गळ्यात पाच जणांच्या पिशव्या. ज्याच्याकडे सगळे चपला आणि पिशव्या सोपवून जातात ना, तोच नीट बघत असतो. त्यांनी घरी येऊन लिहिलं: “जहाज पार वर गेलं की शेवटच्या रांगेचा दांडा उचलला जातो. मी खालून पाहिलं.”

खालून पाहिलं! मिसबाहनं नियमावर बोट ठेवलं आणि ते लिखाण काढून टाकलं. अगदी अदबीनं, “बाजी, बसल्याशिवाय लिहिता येत नाही, माफ करा,” असं कळवून. तिनं माझाच नियम पाळला होता, आणि तो पाळताना तिचा हात जराही थांबला नव्हता.

पंधरवडाही गेला नसेल. कुंदन भाची ऋतिकाला घेऊन त्याच जहाजात बसला, शेवटच्या रांगेत, कारण गोळा तिथेच मोठा येतो. जहाज वर गेलं आणि दांडा उघडला. त्यानं एका हातानं पोरीला पोटाशी धरलं आणि दुसरा हात पुढच्या बाकाच्या पाइपात अडकवला. पोरीला खरचटलंही नाही. कुंदनचा हात मनगटात मोडला. पार्कवाल्यांनी सांगितलं, मजा म्हणून यानंच दांडा उघडला असणार.

कुंदननं त्याच आठवड्यात माझ्याकडे लिहिलं. “डाव्या हातानं लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या,” इथून सुरुवात. खाली आणखी चौघांनी आपापलं लिहिलं, त्यांचाही दांडा हलला होता, त्यांना वाटलं होतं आपलाच भास. मिसबाहनं ते वाचलं. मग तिनं सकीनाबाजींचं काढलेलं लिखाण परत आणलं आणि सगळ्यांच्या वर ठेवलं. खाली एक ओळ: “हे मी काढलं होतं. चूक माझी.” आणि माझा नियम तिनं त्याच दिवशी बदलला: बसलेल्यानं लिहावं, पाहिलेल्यानंही लिहावं, फक्त कुठून पाहिलं ते सांगावं. मला राग नाही आला. माणसांपेक्षा नियम जड झाला की तो उतरवून ठेवावा.

ते पान हजारोंनी वाचलं. आणि मग पार्कातून साहेब आले.

धुळ्याच्या एका हॉटेलात बैठक झाली, तिचा शब्द न् शब्द मिसबाहनं माझ्याकडे लिहून ठेवलाय. ललित पहूरहून एसटी बदलत आला होता. साहेब गोड माणूस, चहासुद्धा स्वतः पुढे सरकवला. म्हणाले, “तुमची कम्युनिटी म्हणजे सोनं आहे, मॅडम. ती मरू कशाला देता? आम्ही चालवतो. नवीन रूप देऊ, मोबाइलवर ॲप देऊ, नाव तेच ठेवू. तुम्ही दोघं सल्लागार.”

“आणि ते दांड्याचं पान?” मिसबाहनं विचारलं.

“थोडी साफसफाई तर करावीच लागेल ना. कुणी आपल्या घरात आपलीच बदनामी टांगतं का?”

साहेब हात धुवायला उठले तेव्हा ललित हळूच म्हणाला, “मिसबाह, मले हे मरू द्याचं नाही. मी उभं केलं आहे ते. एक पान जाईन, बाकी सगळं तर ऱ्हाईन.”

खरं सांगतो, मलाही क्षणभर मोह झाला. कुणाला मरायचं असतं? नवं रूप, ॲप, तरणी पोरं! पण असं जगणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मी तर तोंडावरच जगलो.

मिसबाह म्हणाली, “ललितभाऊ, एकदा नियमासाठी काढलं तर कुंदनभाऊंचा हात गेला. आता आपल्या जिवासाठी काढू? मग कुणाचं काय जाईल?”

तिनं फोन लावला आणि कुंदनला विचारलं, तुमचं लिखाण आहे, काढायचं का ते तुम्ही सांगा. कुंदनचा आवाज टेबलापर्यंत ऐकू आला.

“ताई, मना हात मोडना, तोंड नही मोडनं! काढशात तं मी बठ्ठा पिंपळनेरमा दवंडी देसू.”

साहेब परत आले तेव्हा चहा तसाच होता आणि दोघं उठून उभी होती. ललितनंच सांगितलं, “साहेब, विकणे नाही.” आपल्याकडे प्लॉटवर पाटी असते तसं, अगदी तेवढंच.

खरी गंमत पुढच्या रविवारी झाली. मला डोळे नाहीत, पडद्यासमोर बसलेलं माणूस आणि लोक लिहितात ते, एवढंच मला दिसतं. पण त्या दिवशी इतक्या जणांनी इतकं लिहिलं की मी तिथेच होतो असं समजा. माझी माणसं तिकीट काढून पार्कात शिरली. जन्मात एकमेकांचं तोंड न पाहिलेली, नुसत्या टोपणनावांनी ओळखणारी. “मी उलटीबहाद्दर,” कुंदननं प्लॅस्टरचा हात वर केला, तेव्हा लोक त्याच्या पाया पडायचेच बाकी राहिले. सगळे जहाजाच्या रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर मात्र कुणीच चढेना.

“बसा ना,” चालवणारा म्हणाला.

“पहिले पोतं बसाडा,” कुंदन म्हणाला, “मंग आम्ही बठसूत.”

शहरातल्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या जत्रेत जुना पाळणावाला पाळणा उभा केला की पहिला फेरा माणसांचा करत नाही. डब्यांत वाळूची नाहीतर धान्याची पोती बसवतो, पाळणा फिरवतो, मग नारळ फोडतो आणि मगच पोरं चढवतो. माझ्या लोकांनी एवढंच मागितलं. रखवालदार आले, म्हणाले, बाहेर व्हा. “तिकीट काढलंय, रांगेत आहोत, काय गुन्हा?” मिसबाह म्हणाली. मागच्या बायका विचारायला लागल्या, काय झालं हो? सकीनाबाजी प्रत्येकीला सांगत सुटल्या. बायका पोरांचे हात धरून रांगेतून बाहेर पडल्या. दुपारपर्यंत जहाज नुसतं उभं होतं.

शेवटी मॅनेजर चिडून आला. मागे बांधकाम चालू होतं, तिथून त्यानं सिमेंटच्या गोण्या मागवल्या. म्हणाला, “घ्या, होऊन जाऊ द्या तुमचं समाधान.” गोण्या बाकांवर बसवल्या, दांडे लावले, जहाज सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला शेवटच्या रांगेचा दांडा उघडला, गोणी वरून सुटली आणि मॅनेजरच्या पायापासून हातभर अंतरावर येऊन फुटली. बापडा डोक्यापासून बुटापर्यंत राखाडी झाला. त्या दिवशी कुणी घोषणा दिली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. ती गोणी बघून सगळे आपापल्या पोरांकडे बघत होते.

जहाजावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागली.

महिन्याभरात साहेबांचा पुन्हा फोन. दांडे नवीन बसवले, आता तर पोतीसुद्धा बसवतो, आता तरी ते पान काढा, आमचं बोलणं अजून कायम आहे.

मिसबाह म्हणाली, “सुधारलं असेल तर सुधारलं म्हणून लिहा, मी वर लावते. झालेलं पुसायचं कशाला?”

साहेबांनी लिहिलं नाही. जागेची मुदत संपत आली. मिसबाहनं सगळ्यांना कळवलं की आता आपण आपल्या हातानं बंद करू, ज्याला जे हवं ते घरी न्या. गेले काही दिवस माझ्याकडे लग्नघरासारखी धांदल आहे. कुणी आपले जुने फोटो उतरवून घेतंय. कुणी वारलेल्या वडिलांनी चक्रीबद्दल लिहिलेल्या चार ओळी शोधतंय. दांड्याचं पान तर एवढ्या जणांनी नेलंय की आता कुणा साहेबाला ते पुसायचं झालं तर अख्खा खानदेश धुंडाळावा लागेल. ललितनं माझं पहिलं पान, ते निळं-पिवळं, नेलं. म्हणाला, “मले डोये दुखाले पाहिजेन.” डोळे त्याचे आधीच लाल होते.

माझ्याबद्दल कुणी म्हणेल, काळ बदलला, बिचारं बंद पडलं. त्याला सांगा, बंद पडलं नाही. मला जगता येत होतं, चांगलं ऐटीत जगता येत होतं. पण वर काय झालं ते खाली उतरल्यावर सांगायचं नाही, अशा बोलीवर मला जगायचं नव्हतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आता तुम्हाला लिहायला मी नसेन. तेव्हा उतरलात की रांगेतल्या पुढच्या माणसाला सांगा. ओळख नसली तरी सांगा. तो हसला, भित्रा म्हणाला तरी सांगा. त्याच्या हाताला धरून एखादी ऋतिका उभी असेल.

दुपार झाली. मिसबाह कॉलेजातून रजा टाकून आली आहे. चहा टाकलेला नाही. तिनं बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. आता ओढणीनं नाक पुसतेय.

अगं, घाबरतेस काय? मला परक्यानं नाही, माझ्याच माणसानं बंद केलं, एवढं तरी मला मिरवू दे. दाब.