नापास लिहा, साहेब

लहानूचं पहिलं लायसन्स आपल्या पायानं चालत त्याच्याकडे आलं होतं. एकसष्ट साली तो नागपूरजवळच्या वाडीत एका ट्रान्सपोर्टमध्ये क्लीनर होता. मालकानं दोन फोटो मागून घेतले आणि आठवड्याभरात लायसन्स त्याच्या खिशात कोंबलं. परीक्षा कोणी घेतली नाही, त्यानंही विचारलं नाही. त्या जोरावर पंधरा वर्षं त्यानं रायपूर, जबलपूर, हैदराबाद असा ट्रक हाकला.

त्याची गुर्मी उतरली ती कुवेतला. शहात्तर साली एका बांधकाम कंपनीनं त्याला तिकडे नेलं. तिथल्या पोलिसानं त्याचं लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. हे इथं चालत नाही, परीक्षा द्या. लहानू हसत हसत गाडीत बसला. स्टिअरिंग डावीकडे, गाडी हाकायची रस्त्याच्या उजव्या बाजूनं. गिअर टाकायला डावा हात गेला तो दारावर आपटला. शेजारचा पोलीस कागदावर खुणा करत राहिला. उतरल्यावर दुभाष्यानं खुणा वाचून दाखवल्या. आरसा पाहिला नाही. विनाकारण हॉर्न वाजवला. मागं घेताना गाडी खांबाला लागली. नापास.

दुसऱ्यांदाही तेच झालं. पास होईपर्यंत चार महिने कंपनीनं त्याला ट्रक धुवायला लावले. पंधरा वर्षांच्या ड्रायव्हरच्या हातात पाण्याची नळी! पण गाडी आपण शिकलो ती त्या चार महिन्यांत, असं तो नंतर स्वतःच सांगायचा. तिसऱ्या खेपेला तो पास झाला.

सहा वर्षांनी गुडघा मोडून घेऊन लहानू नागपूरला परतला. क्लच दाबणं आता पायाला जमत नव्हतं. त्यानं भाड्यानं माल वाहायला एक जुनी मॅटाडोर घेतली. ती चालवणार कोण, हे कोणी विचारायच्या आतच त्याची पोरगी चारुशीला म्हणाली, "मी चालवीन."

चारुशीला बावीस वर्षांची, बी.ए. झालेली. तिची आई मीराबाई कपाळाला हात लावून बसली. "पोट्टी गोडाऊनच्या रस्त्यानं गाडी चालवीन? लोक काय म्हणतीन वं?"

"लोक रस्त्यावर राहतीन, मी गाडीत राहीन. मले आयकू नाई येणार."

लहानूनं तिला सहा महिने शिकवलं आणि परीक्षेला घेऊन गेला. लायसन्सच्या हापिसाबाहेर कडुनिंबाखाली एजंट टेबलं मांडून बसले होते. त्यातला शालिकराम लहानूच्या जुन्या ओळखीचा.

"फोटो आनले ना? मंग झालं. तू घरी जाय लहानूभाऊ. परवा लायसन्स घेऊन मीच येतो."

"थे परीक्षा देनार हाय."

"इथं कोन देते गा परीक्षा?"

"माही पोरगी देते."

आतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "एजंट कोण?"

"एजंट नाही, साहेब," लहानू म्हणाला.

"मग उद्या या."

उद्या झालं, परवा झालं. चार दिवस बापलेक रिकाम्या हातानं परतले. पाचव्या दिवशी लहानू साहेबांच्या दारातच मोडका पाय लांब करून बसला. ये-जा करणाऱ्याला त्याचा पाय ओलांडूनच जावं लागे.

"काय तमाशा आहे हा?" साहेब खेकसले.

"तमाशा नाही, साहेब. कायद्यात परीक्षा लिहिली हाय. थे घ्या, मी उठतो."

साहेब टोपी उचलून ताडकन उठले. "चला, घेतो! पण मग नीटच घेईन."

मैदानात ज्यांच्या मधून गाडी मागं न्यायची ते ड्रम त्यांनी मुद्दाम जवळ जवळ लावून घेतले. एजंट टेबलं सोडून पाहायला आले. चारुशीलानं गाडी पुढं नेली, वळवली, चढावर थांबवून पुन्हा सोडली. गाडी तसूभरही मागं घसरली नाही. मग ती रिव्हर्स घेऊ लागली. शेवटच्या वळणावर मागचा कोपरा ड्रमला टेकला आणि ड्रम धडधडत आडवा झाला.

हशा पिकला. आता मात्र साहेब खुशीत आले. "पाहिलंत? हौस फिटली ना? जा, फॉर्म शालिकरामकडे द्या. मी सही करून टाकतो, कशाला पुन्हा हेलपाटे!"

चारुशीला गाडीतून उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज खणखणीत होता.

"नाही साहेब. ड्रम पडला. नापास लिहा."

"अगं बाई, मी पास करतो म्हणतोय!"

"तुमच्या सहीनं माझी गाडी सरळ मागं जाणार नाही. लिहा नापास, आणि कशानं ते पण लिहा."

हशा थांबला. लहानू काठीवर भार देऊन उभा होता. एक गोष्ट त्यानं घरी कधीच सांगितली नव्हती. कुवेतला पहिल्यांदा नापास झाला तेव्हा त्या पोलिसासमोर त्यानं हात जोडले होते, गयावया केली होती. आणि ही पोरगी समोर आलेलं दान परत करून राहिली होती. त्यानं तिला हे शिकवलं नव्हतं.

साहेबांनी पेन उघडलं आणि कारणासकट नापास लिहिलं. चारुशीलानं ते वाचूनच कागद घेतला.

घरी मीराबाई चिडली. "भेटून राहिलं होतं अन् सोडून आली?" चारुशीला जेवली आणि गाडी काढून गोडाऊनमागच्या मोकळ्या जागेत गेली. महिनाभर तिथं ड्रम पडत राहिले. सुरुवातीला ट्रकवाले टिंगल करायचे, मग खाटेवरून उठून सूचना देऊ लागले, आणि शेवटी ड्रम पडेनासे झाले.

दुसऱ्या परीक्षेला साहेबांनी ड्रम तेवढेच जवळ लावले. गाडी मधून अलगद मागं गेली. "पुन्हा," साहेब म्हणाले. तिनं पुन्हा करून दाखवलं. तिसऱ्यांदा सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण आजूबाजूची गर्दी पाहून सही केली.

त्याच आठवड्यात कापडाचे गठ्ठे घेऊन ती वाडीहून नागपुरातल्या सदरला निघाली. लहानू शेजारी बसला होता. समोरून एक ट्रक रस्त्याच्या तिच्या बाजूला घुसला. तिनं ब्रेक दाबून गाडी थांबवली, पण बाजूला घेतली नाही. ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "ओ बाई, लायसन्स हाय का?"

"हाय. परीक्षा देऊन घेतलं. तुमचं कसं भेटलं?"

ट्रकवाला डोकं आत घेऊन ट्रक मागं घेऊ लागला. लहानूचा चांगला पाय मात्र अजून खालच्या पत्र्यावर गच्च दाबलेला होता.

"बाबा, पाय काढा," चारुशीला म्हणाली. "ब्रेक माह्याकडं हाय."

त्यानं पाय काढला आणि खिडकीबाहेर पाहत बसला.