चिंधी नसलेला फास

मित्रांनो, मी एक जुना फास आहे. नाव ऐकून तुमचा हात गळ्याकडे गेला असेल, तर जाऊ द्या. माझं काम तेच. माझ्याविषयी गोड बोलायला मला येत नाही, तुम्हीही बोलू नका.

मी मुळात सायकलच्या ब्रेकची तार. तुटली म्हणून निलंग्याच्या एका दुकानदाराने मला नालीत फेकलं. नरसिंगने उचललं, कमरेला गुंडाळलं आणि गावी आणलं. बहात्तरचा दुष्काळ होता तो. तेरणा नदीत नुसती वाळू उरली होती. पोटाला लाल मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी ज्वारी, तीही घशाला टोचणारी. सारा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. नरसिंगची बायको नागम्मा नुकतीच बाळंत झाली होती, तीही तिथेच. मिलो खाऊन, उन्हात खडी फोडून अंगावर दूध कुठून यायचं? दारात चंद्री नावाची शेळी होती. तिच्या वाटीभर दुधावर ती पोर तगून होती.

"सशाचा रस्सा पोटात गेला की दूध उतरतंय," नरसिंग बायकोला म्हणाला. त्याने मला चुलीत तापवून माझी चकाकी घालवली. राख आणि लेंड्या चोळून माणसाचा वास काढला. एका टोकाला सरकती गाठ मारली, दुसरं टोक बाभळीच्या खुंटीला बांधलं आणि शेताच्या बांधावर, सशाच्या वाटेत, वीतभर उंचीवर मला लावलं.

वरच्या फांदीला त्याने नागम्माच्या फाटक्या लुगड्याची चिंधी बांधली. फास लावणाऱ्यांची ती रीत आहे. चिंधी दिसली की माणूस आपलं जनावर तिकडे सोडत नाही. सशाला चिंधी कळत नाही, माणसाला कळते.

थोड्याच दिवसांत ससा सापडला. रस्सा झाला आणि पोर पहिल्यांदा आईच्या अंगावर पोटभर प्याली. "लई गुणाचा हाय हा," नागम्मा मला पुसत म्हणाली. कौतुक माझ्या वाट्याला तेवढंच आलं.

पुढे ससे सापडत होते, पण नरसिंगच्या हाती लागत नव्हते. उजाडताच तो यायचा, तर खाली रक्ताचे चार थेंब आणि चिमूटभर लव. दुपारी रस्त्याच्या कामावरचा मुकादम शेषेराव, त्याच्या तंबूतून रश्श्याचा वास यायचा. मी तर त्याला पाहिलंच होतं. फांद्यांवर चिंधी हुडकत यायचा तो.

नरसिंग एकदा धीर करून बोलला, "मुकादम, घरात बाळंतीण हाय. आमच्या फासातलं तेवढं सोडत जावा."

शेषेराव काडीने दात कोरत होता. "सशावर तुझं नाव लिवलंय का रे नरश्या? का हजेरीतलं नाव बी नको झालंय?"

हजेरी त्याच्या हातात, म्हणून गावाचं तोंडही त्याच्याच हातात. लोक म्हणतात दुष्काळ आभाळातून पडला. अर्धा पडला असेल. उरलेला अर्धा असल्या माणसांनी पाडला, हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे नरसिंगने चिंधी सोडून खिशात घातली. "आता हुडक म्हणावं," तो पुटपुटला. नागम्माला सांगायचं त्याच्या मनात होतं. पण ती दिवसभर खडीवरच असते, शेळी दारात बांधलेली असते, मग घाई कसली? तो बांधावरून परस्पर कामावर गेला.

नेमकं त्या दिवशी पोरीचं अंग तापलं आणि नागम्मा घरी थांबली. चंद्रीच्या पोटात काहीतरी जावं म्हणून पोरीला काखेला मारून ती शेळी घेऊन बांधावर आली. तिने एकेक फांदी नीट पाहिली. चिंधी कुठेच नव्हती, म्हणजे फासही काढलेला असणार.

"जा गं, शेंगा खा," ती म्हणाली आणि दावं सोडलं.

बाभळीची शेंग उचलायला चंद्रीने मान खाली घातली, ती माझ्यात. मला ससा कळत नाही, शेळी कळत नाही. जितकं ओढावं तितका मी आवळतो. नागम्माने पोरीला मातीत ठेवलं आणि दोन्ही हातांनी मला ओढलं. तिची बोटं कापली, मी सैल झालो नाही. चंद्री थांबली तेव्हा तिच्या सडातलं दूध तसंच होतं.

संध्याकाळी नरसिंग आला.

"चिंधी का सोडली?" नागम्माने विचारलं.

"मुकादम नेत होता म्हणून."

"मग मला का न्हाई बोलला?"

चंद्रीला त्यांनी पुरलं. भुकेल्या गावात मटण मातीत घालणारं ते एकच घर असेल. आणि पाऊस पडायच्या आधी तिच्या शेजारी पोरीलाही पुरलं.

नरसिंगने मला घरातल्या मेढीला, लाकडी खांबाला, टांगलं. मी वर्षानुवर्षं चुलीचा धूर खात राहिलो. लातूर जिल्हा झाला. गावाने फोडलेल्या खडीवर डांबर पडलं, त्यावरून साहेबांच्या जीपगाड्या आल्या. शेषेराव रस्त्यांचे ठेके घेणारा गुत्तेदार झाला, रस्त्याकडेला त्याने रान घेतलं. एके दिवशी तो आमच्या दारात उभा राहिला.

"नरसिंग न्हाई का, नागम्मा? तुमच्याकडं तारेचा फास हाय म्हणं. ससे हरभरा खाऊन राहिलेत माझा."

"हाय की. पण चिंधी बांधावी लागंल."

"चिंधी कशाला? चिंधी बघून लोक चोरून नेतात आतलं."

नागम्मा दारात आली. शेजारच्या बाया धुणं तसंच टाकून बघत होत्या.

"लोक न्हाई, मुकादम. तुम्ही नेलं," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या तोंडचं नेलं. आता चार बायांपुढं सांगा, न्हाई म्हणून."

गुत्तेदाराने बायांकडे पाहिलं. मग चपलेत पाय सारले आणि निघून गेला. पुन्हा तो त्या बोळातून गेला नाही.

मित्रांनो, आता मी इतका गंजलोय की माझ्यात उंदीरही टिकणार नाही. मला जपू नका. जपायची तर ती चिंधी जपा. स्वतः फास लावाल तेव्हा बांधा. सोडायची वेळ आली तर आधी घरात सांगा. आणि दुसऱ्याची चिंधी दिसली तर आपलं जनावर वळवा, आपला हात आत घालू नका.

त्या बांधावर आता कुणी फास लावत नाही. तरी दर उन्हाळ्यात नागम्मा जुन्या लुगड्याची पट्टी फाडते आणि त्या बाभळीला बांधून येते. जाताना माझ्याकडे बघत नाही.