टेप ताणलेली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, कपड्यांची मापं घेणारी. कारखान्यात कापडाच्या पट्टीवर रोगण चढवून माझ्यावर आकडे छापले, टोकांना पत्र्याच्या टोप्या ठोकल्या आणि मी एका शिंप्याच्या गळ्यात पडले. तिथे मी नऊ वर्षं काढली. माप घेताना माणसं पोट आत ओढून धरतात, हे मी रोज पाहिलं. पण मी कुणाची भीड ठेवली नाही. शिंप्याच्या मापाची लोक तारीफ करायचे, तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवायचा.

घराची पुढची खोली हेच दुकान. तिथे डॉक्टरांचे पांढरे कोट शिवले जात. रस्त्याची धूळ पांढऱ्यावर बसू नये म्हणून मोठी काचेची खिडकी बारा महिने बंद असे. शिंप्याची अडीच वर्षांची लेक, भिंगरी, रोज त्याच खिडकीखाली बसायची. “कोवळं ऊन लागू दे पोरीला,” असं म्हणत आई तिला तिथे बसवायची. भिंगरी नावालाच भिंगरी होती. चार पावलं चालली की बसायची. “गुणाची आहे, कापडाला हात लावत नाही,” असं शिंपी कौतुकाने सांगे.

मुलं भराभर वाढतात, म्हणून शिंप्याने तिच्या विजारीला खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी तो दुमड उसवायला बसला आणि त्याने माप घेतलं. उसवायची गरजच नव्हती. पोर जेमतेम वाढली होती. घोटे जुळवले तर गुडघ्यांमध्ये चार बोटं अंतर राहत होतं.

“टेप ताणली गेलीय,” तो म्हणाला. जुनी टेप ताणली की माप कमी दाखवते, हे कुठलाही शिंपी सांगेल. त्याने मला चिंध्यांच्या खोक्यात फेकलं आणि नवी टेप आणली. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

नव्या टेपनेही तेच माप सांगितलं. मग त्याने मला खोक्यातून काढलं आणि आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवलं. तसूभर फरक नव्हता. मी खरी ठरले होते आणि मला मुळीच आनंद झाला नाही.

मला खिशात कोंबून तो लेकीला आणि बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी रक्त तपासलं, पायांचे फोटो काढले.

“ड जीवनसत्त्व फार कमी आहे. म्हणून हाडं मऊ राहिलीत. हिला ऊन मिळतं का?”

“मिळतं की! रोज खिडकीपाशी बसवते,” आई म्हणाली.

“खिडकी उघडी असते?”

आईने नवऱ्याकडे पाहिलं.

“बंद असते,” शिंपी म्हणाला. “कोटांवर धूळ बसते ना.”

“काचेतून ऊब येते हो, पण हे जीवनसत्त्व ज्या किरणांनी बनतं ते काच अडवते. आता नुसत्या उन्हावर भागायचं नाही, औषधही लागेल. वेळेत आणलीत, पाय सुधारतील.”

घरी येताच शिंप्याने कोटांवर जुनी चादर टाकली आणि खिडकी उघडली. औषध सुरू झालं, दूध-अंडी सुरू झाली, सकाळी अंगणात खेळणंही सुरू झालं. पहिले दोन महिने काहीच दिसेना. आई रोज गुडघ्यांकडे बघायची आणि शिंपी बघायचं टाळायचा.

मित्रांनो, आता वर्ष झालं. नवी टेप गळ्यात आहे आणि मी उघड्या खिडकीजवळच्या खिळ्याला. उन्हाने माझे आकडे फिके पडत चाललेत. पण भिंगरीचं माप घ्यायला शिंपी मलाच उतरवतो. परवा तिला धरायला आईला अंगणभर पळावं लागलं. गुडघ्यांमध्ये आता एकच बोट अंतर आहे. शिंप्याने विजारीची दोन बोटं दुमड उसवली, चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले.

तुमच्या घरातलं लहानगं फार वेळ गुणी बसून राहत असेल, तर कौतुक करण्याआधी त्याचे पाय बघा. आणि माप कमी भरलं, तर टेपला दोष देऊ नका.