आलोच

साहेबांच्या तोंडून पुन्हा ‘पोहोचलो’ आलं, तशी रंगाऱ्याच्या डोक्यात सणक गेली.

अग्निशमन केंद्रातली गाडी बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. केंद्राने वर्षभर काय काम केलं, ते वस्तीतल्या लोकांना सांगायची सभा होती. केंद्रप्रमुख साहेबांच्या मागे पडद्यावर आलेखाच्या हिरव्या रेघा वर चढत होत्या.

“प्रत्येक ठिकाणी आपण ठरलेल्या वेळेत पोहोचलो,” साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रंगारी उभा राहिला. “माझ्या घरीपण?”

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. त्याच्या खोलीखालचं गाद्यांचं दुकान पेटलं, हे कुणाला ठाऊक नव्हतं? तो तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला परांचीवर उभा राहून कुणाची तरी भिंत रंगवत होता. जिन्यात धूर भरला आणि बायको वरच अडकली.

साहेबांनी आवाज मऊ केला. “तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत. पण गाडी वेळेत पोहोचली होती. तशी नोंद आहे.”

“कुठे पोहोचली होती?”

“घटनास्थळी.”

“गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती. माझी बायको काय गल्लीच्या तोंडाशी राहत होती?”

“अरे, बस की खाली,” मागून कुलूपकाका म्हणाले. बाहेरच्या गाड्या आत लागू नयेत म्हणून गल्लीच्या तोंडाला साखळी लावून घेतली ती यांनीच. किल्ली यांच्याच खिशात असायची, म्हणून हे नाव. “साहेबांची काय चूक? मी किल्ली घेऊन निघालोच होतो.”

“काका, तुम्ही तोंडाला साबण लावून बसलेले असलात तरी निघालेलेच असता!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. काका लाल झाले. “जिभेला काही हाड? मोठ्यांशी असं बोलतात?”

“लहान होतो तेव्हा नीट बोलायचो. आता बायको जाळून आलोय.”

मग कुणीच हसलं नाही.

त्याला खरा जाळत होता तो एक शब्द. समोरच्या घरात शिंपीणबाई राहायची. गल्ली इतकी अरुंद, की दोघी बायका वाकून खिडकीतून खिडकीत वाटी द्यायच्या. त्या दिवशी शिंपिणीने कापड बेतायची लांब फळी दोन्ही खिडक्यांवर टाकली होती. “ये गं, सरकत ये, मी धरते,” म्हणून ती ओरडत होती. बायकोच्या कानाला फोन होता. अग्निशमनवाल्यांनी फोनवर सांगितलं, “बाई, गाडी पोहोचली. खिडकी लावून घ्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबा.”

“राहू दे गं फळी,” ती शिंपिणीला म्हणाली होती. “पोहोचलेत ते.” आणि तिने खिडकी लावून घेतली.

ही तीच बाई, जी नवऱ्याच्या ‘आलोच’वर कधी विश्वास ठेवायची नाही. “तुमचं आलोच म्हणजे चहा दोनदा गरम करा,” म्हणायची. आणि परक्याच्या शब्दावर खिडकी लावून बसली.

“मला तुमची माफी नको,” रंगारी साहेबांना म्हणाला. “एकच करा. दाराशी गेल्याशिवाय पोहोचलो म्हणायचं नाही. बस.”

“गाडी थांबली की पोहोचलो, हीच पद्धत आहे. सगळीकडे.”

“मग चला. पोहोचून दाखवा.”

गल्ली हाकेच्या अंतरावर. लोक खुर्च्या सरकवून उठलेच. सगळ्यांसमोर नाही म्हणणं साहेबांना जड गेलं. “चला, प्रात्यक्षिक समजू,” म्हणत ते गाडीत चढले. गाडी त्या दिवशीचाच ड्रायव्हर चालवत होता. सभाभर त्याने रंगाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता.

साखळीपाशी गाडी थांबली. साहेबांनी सवयीने वायरलेस तोंडाशी धरला. “पोहोचलो.”

“नोंद केली,” पलीकडून आवाज आला.

रंगाऱ्याने साखळीला लाथ घातली.

काकांनी सगळे खिसे चाचपले. “घरी राहिली वाटतं. आलोच!” म्हणाले आणि लगबगीने निघाले.

सगळे थांबले. काका कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले, तरी थांबले. रंगारी गाडीला टेकला. बाजूचा कप्पा उघडा होता. आत पाइपांची वेटोळी, आणि शेजारी लांब दांड्यांचा एक कटर.

“हा कशाला?” त्याने खाली उतरलेल्या ड्रायव्हरला विचारलं.

“कुलपं, गज, असलं काही तोडायला.”

“त्या दिवशी होता?”

“होता.”

“मग?”

“काका म्हणाले, आलोच. मला वाटलं, हे काय आलेच. कशाला कुणाची साखळी तोडा? उद्या तक्रार करतात लोक. आत्ता येतील, आत्ता येतील, करत... मग पाइप खांद्यावर घेऊन पळालो. पण तो पुरला नाही.”

रंगाऱ्याने कटर ओढून काढला.

“अहो, ठेवा तो! सरकारी माल आहे!” साहेब खिडकीतून ओरडले.

त्याने साखळीची कडी पात्यात धरली आणि दांडे दाबले. कट्. एवढंच. साखळी खाली पडली.

कडी चिवट निघायला हवी होती. घाम फुटायला हवा होता. मग म्हणता आलं असतं, बिचाऱ्यांनी काय करावं. ती तर काकडीसारखी तुटली.

“आलो, आलो!” काका धापा टाकत आले. हातात किल्ली. “अरे! माझी साखळी तोडलीस?”

रंगाऱ्याने कुलूप उचलून त्यांच्या हातावर आपटलं. “घ्या. उघडा. उघडा ना आता!”

काका खरंच किल्ली कुलपात घालू लागले. मग त्यांचा हात थांबला.

ड्रायव्हर गाडीत चढला. त्याने साहेबांच्या हातातला वायरलेस काढून घेतला.

“मघाची नोंद खोडा,” ड्रायव्हर म्हणाला.

“का? पोहोचलात ना?”

“नाही पोहोचलो. साखळी होती. आता आत शिरतोय. दाराशी गेलो की सांगतो.”

“असं कुठे सांगतात का?”

“मी सांगतो.”

गाडी हळूहळू आत शिरली. आरसे दोन्ही भिंतींना घासत होते. रंगारी पुढे चालत होता आणि शिव्या देत होता. काकांना, साहेबांना, ड्रायव्हरलाही. ‘नाही पोहोचलो’ हे एवढं एक वाक्य त्या दिवशी कुणी फोनवर बोललं असतं, तर ती फळीवरून सरकत गेली असती. घाबरली असती, शिंपिणीला शिव्या घातल्या असत्या, पण गेली असती.

आपल्या घराच्या जळून काळ्या पडलेल्या दारापाशी तो वळला. गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली.

“आता म्हण,” तो ड्रायव्हरला म्हणाला. “आणि मोठ्याने म्हण. वरच्या खिडकीत ऐकू जाऊ दे.”