ताईच्या गाडीचा लाल दिवा

माझ्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. घरात एकाच वेळी दोन पाळणे हलत होते, कुणाचीच झोप पुरी होत नव्हती, आणि अशात ताईचा फोन आला. "बारक्या, हत्यारं घेऊन ये. गाडी बाहेर काढायची आहे."

मी तेव्हा सत्तरीला टेकलो होतो, पण थोरल्या बहिणीपुढे बारक्याच. सगळा जन्म गॅरेजात गेला, त्यामुळे हत्यारांची पेटी उचलायला मनाला वेळ लागला नाही. पाठीला लागला.

ताईची गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल, लांब नाकाची. तरुणपणी ताई ती घेऊन डोंगरावरच्या शर्यतीत उतरली होती. बाईमाणूस म्हणून तिचं नाव कुणी घेईना. तेव्हा भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतःचं नाव दिलं आणि ऐन सुरुवातीच्या रेषेवर खाली उतरून तिला आत बसवलं. पंच ओरडत राहिले, ताई वर पोहोचली. पुढे भावजींना अर्धांगवायू झाला. ताईचं बाहेर पडणं थांबलं आणि गाडी अंगणाच्या वरच्या टोकाला, शेडमध्ये, चादरीखाली गेली. बरीच वर्षं अंथरुणाला खिळून भावजीही गेले. गाडी तिथेच राहिली.

आता भाच्याने ती एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. हॉटेलवाला तिला दारातच उभी करणार होता, चाकं फरशीला पक्की करून. लोकांनी आत बसायचं आणि फोटो काढायचे. शनिवारी ट्रक येणार होता.

मी पोहोचलो तेव्हा मायलेकांची आधीच जुंपली होती.

"मामा, तूच समजाव हिला," भाचा म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. आणि गाडी जागची हलत नाही. परवा चौघांनी ढकलली."

"चौघं होते की चार पोती होती, कुणास ठाऊक," ताई शेडमधून म्हणाली.

"आई, ब्रेक गेलेत तिचे!"

"गेलेत की धरलेत? नीट बोलायला शीक. ब्रेक गेले असते तर ढकलल्याबरोबर उतारावरून गेटाबाहेर पडली असती."

ती बरोबर बोलत होती. शेडपासून गेटापर्यंत त्या अंगणाला चांगलाच उतार आहे.

"ठीक आहे," भाचा चिडून म्हणाला. "शनिवारी ट्रक यायच्या आत तू स्वतः ही गाडी वरून खाली आण आणि गेटाच्या आत थांबवून दाखव. थांबली तर ट्रक रिकामा परत पाठवतो. नाही थांबली तर मात्र..."

"नाही थांबली तर मलाही आत बसवून हॉटेलात ठेव. फोटो चांगले येतील."

असा बुधवार गेला. गुरुवारी सकाळी मी कामाला लागलो.

हँडब्रेक सोडलेलाच होता. इतकी वर्षं ताईने गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावल्या होत्या, म्हणजे मागची चाकं चिकटायचं कारण नव्हतं. परवा ढकलण्याआधी भाच्याने गिअर आणि विटा दोन्ही काढलं होतं. गाडी जॅकवर घेतली आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. तीन फिरली. पुढचं डावं मात्र ढिम्म.

मला वाटलं, कॅलिपर गंजला असणार. डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणारी ती पकड. तिच्यातला पिस्टन गंजला की मागे सरकत नाही. उघडली, तर थोडा गंज होताच. घासून पुसून, नवी रबरं घालून बसवली. ताई आत बसली, ब्रेक दाबला, सोडला. चाक पुन्हा जाम.

"तुझं निदान चुकलं वाटतं, डॉक्टर," ती वरून म्हणाली.

"तू गप्प बैस."

"बसलेच आहे."

मग कॅलिपरवरचं निपल, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा काढायची छोटी तोटी, जरा सैल केलं. काळपट ऑइलची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे दाब आत अडकून बसत होता. पिस्टनचा दोष नव्हता, कुणीतरी ऑइलला परत येऊ देत नव्हतं. निपल बंद केलं, ताईला पुन्हा दाबायला लावलं, चाक पुन्हा जाम झालं. या वेळी निपलला हात न लावता वरचा सांधा सोडला, जिथे लोखंडी नळी संपते आणि रबरी होज सुरू होतो तिथला. ऑइल आलं नाही, चाकही सुटलं नाही. होजच्या अलीकडे दाब नव्हता, पलीकडे होता. चोर होजमध्ये सापडला. बाहेरून तो गुळगुळीत, काळाभोर, एक चीर नाही. कापला, तर आतलं रबर फुगून त्याची जीभ झालेली. पाय दाबला की ऑइल जोरात पुढे जायचं, सोडला की ती जीभ वाट बंद करायची.

"माणसं असतात अशी," ताई तो तुकडा हातात फिरवत म्हणाली. तिने शेडच्या दारातून भाच्याच्या खोलीकडे बघितलं.

चारी होज नवे टाकले, ऑइल सगळं बदललं. आता सुटलो असं वाटलं. ताईने ब्रेक दाबून धरला, आणि तिचा चेहरा बदलला.

"बारक्या, पाय खाली चाललाय."

मी स्वतः बसून पाहिलं. दाबल्यावर पेडल आधी टणक लागायचं आणि मग सावकाश बुडत जायचं, चिखलात पाय जावा तसं. कुठे गळती नव्हती. पेडल दाबलं की चारी चाकांकडे ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर काढून उजेडात धरला. पुढच्या टोकाला आतून गंजाचा पट्टा होता आणि त्यावर घासून रबराच्या सीलची कड फाटली होती.

हे माझ्या डोक्यात बसेना. उभ्या गाडीत सील आपली एका जागी पडून असते. गंजावर घासायला कुणीतरी पेडल तळापर्यंत दाबायला हवं, आणि तेही पुन्हा पुन्हा.

"ताई, या गाडीत कुणी बसायचं का?"

"मी बसायचे. दर रविवारी. ब्रेक दाबायचे."

"का?"

"वाचा पुरती जायच्या आधी ह्यांनी सांगितलं होतं. तिचा पाय आखडू देऊ नकोस म्हणून."

मी सिलिंडर खाली ठेवला. ताईला कळायचं ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं.

"म्हणजे मीच फाडलं ते."

"गंज तुझा नाही ना. गाडी जुनी आहे, दमट जागा आहे..."

"बारक्या, मला लहान पोरीसारखं समजावू नकोस. मी दाबला म्हणून फाटलं. होय ना?"

"होय."

ती उठली. मला वाटलं, आता ही आत जाऊन पडणार आणि शनिवारी ट्रक गाडी घेऊन जाणार. पण ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि समोर घराच्या खिडकीकडे बोट केलं.

"त्या खिडकीत ह्यांचा पलंग होता. बोलता यायचं नाही, मान वळायची नाही. शेडचं दार उघडं ठेवून मी ब्रेक दाबला की हा मागचा लाल दिवा त्यांना दिसायचा. दाबला, सोडला, दाबला, सोडला. एवढ्यासाठी बॅटरी भरून ठेवत होते, ती टिकावी म्हणून इंजिनही अधूनमधून चालू करत होते. मेव्हणा गॅरेजवाला असताना त्यांना काय ब्रेकची पडली होती? मी आत बसलेली त्यांना बघायची होती."

"आणि भावजी गेल्यावर?"

"गेल्यावरही दाबला. परवाच्या रविवारीही दाबला. आणि ऐक, फाटलं याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. सील मिळते ना बाजारात?"

"मिळते."

"मग हा सुतकी चेहरा काढ आणि बाजारात जा."

जुन्या सिलिंडरचा गंज घालवण्याजोगा नव्हता, तेव्हा सबंध सिलिंडरच दुसरा आणला. शुक्रवारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसलो. मी खाली निपलशी, ती वर पेडलवर.

"दाब. धर. सोड."

"माहीत आहे. वर्षानुवर्षं हेच केलंय मी."

एकेका चाकातून बुडबुडे संपेपर्यंत तेच. तिचा पाय एकदाही चुकला नाही. संध्याकाळी इंजिन चालू करून गाडी शेडसमोरच्या सपाट तुकड्यावर काढली, तोंड गेटाकडे वळवलं आणि चार-सहा वेळा पुढेमागे केली. पेडल दगडासारखं टणक, आणि पाय काढला की चाकं मोकळी. गाडी कुठल्या बाजूला ओढतही नव्हती.

शनिवारी ट्रक आला आणि रस्त्यावर उभा राहिला. गेटाच्या आत, उताराच्या बरोबर तळाला, भाच्याची नवी कोरी गाडी होती. तो किल्ली घेऊन धावला. "थांब आई, आधी ही बाजूला घेतो."

"राहू दे तिथेच."

"आई, वेडी आहेस का?"

"थांबवून दाखव म्हणालास ना? मग कशापाशी थांबवू? हवेपाशी?"

"मामा, सांग ना तिला!"

"मी ब्रेक दुरुस्त करतो," मी म्हणालो. "तुझ्या आईला नाही."

ताईने काच खाली केली, केसांना रुमाल बांधला. सावकाश येईल असं मला वाटलं होतं. नाही आली. ज्या वेगाने ती आली त्या वेगाने मीसुद्धा आलो नसतो. भाच्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. ट्रकवाला खाली उतरून बघत होता. गाडीचं लांब नाक एकदम खाली झुकलं, चाकं खडीवर करकरली, मागे लाल दिवा लागला, आणि गाडी थांबली. भाच्याच्या गाडीत आणि तिच्यात माझा पंजा जेमतेम मावला. मी घालून पाहिला.

ताईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आता बाजूला घे तुझी. मला बाहेर जायचंय."

भाच्याने गाडी बाजूला घेतली आणि जाऊन ट्रकवाल्याला परत जायला सांगितलं. एवढं मात्र त्याचं मानावं लागेल, शब्द त्याने पाळला.

मी शेजारच्या सीटवर बसलो. ती डोंगराच्या रस्त्याने वर गेली आणि उतरताना प्रत्येक वळणावर पुरेसा आधी ब्रेक लावत आली. त्यानंतर ती दर रविवारी जायची, डॉक्टरच्या, भाच्याच्या आणि माझ्याही नाकावर टिच्चून.

ताई त्यानंतर तिसऱ्या वर्षी, जुळी शाळेत जाऊ लागली त्या जूनमध्ये, एका मंगळवारी सकाळी घरीच वारली.